देहूरोड म्हणजे देहू नव्हे

वाचकहो, तुमच्यापैकी जे कोणी आगगाडीने देहूला गेले असतील त्यांना ठाऊक असेल, की देहूरोड स्टेशनावर उतरले म्हणजे देहू आले असे होत नाही. स्टेशनापासून गाव चांगले सहा-सात किलोमीटर आत आहे. रेल्वेवाल्यांनी नाव ठेवतानाच ते सांगून टाकलेले आहे. नाशिक रोड, डहाणू रोड, राजापूर रोड, सावंतवाडी रोड, जिथे म्हणून गावाच्या नावापुढे 'रोड' लागला तिथे समजावे की गाव अजून यायचे आहे, इथून फक्त वाट फुटते. पिवळ्या पाटीवर काळ्या ठळक अक्षरांत ते लिहिलेले असते. माझी तीस वर्षे खेडोपाडी पाट्या वाचण्यात गेली. तरीही गेल्या माघात ही पाटी मी नीट वाचली ती सात हजार सहाशे रुपये भरून झाल्यानंतर.

मी पंचायत समितीत कृषी विस्तार अधिकारी आहे. आमचे गाव सोलापूर जिल्ह्यात, कुर्डुवाडी स्टेशनापासून दोन तासांवर. घरात तीन पिढ्यांची माळ. माझे वडील दरसाल ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूत हजर असत आणि तुकोबांच्या पालखीबरोबर पंढरपूरपर्यंत चालत. आई मात्र कधी गेली नाही. पेरणीचे दिवस, दावणीला चार जनावरे, आम्ही लहान. "दोघं गेलो तर गुरांना वैरण कोण घालणार?" हा तिचा ठरलेला प्रश्न असे आणि त्याला वडिलांकडे उत्तर नसे. पंढरपूर तिने पुष्कळदा पाहिले, ते आम्हाला जवळच. देहू तिने पाहिले ते वडिलांच्या तोंडून. पहाटे काकड्याच्या आधी घाटावर उतरायचे, पाणी कसे गार लागते, पलीकडच्या काठावर धुके कसे बसलेले असते, हे सगळे तिला पाठ. वडील जाऊन सहा वर्षे झाली. आता आई ऐंशीच्या पुढे आहे, दोन्ही गुडघे गेलेले.

दिवाळीत एकदा भाकरी करता करता ती म्हणाली, "मला एकदा देहूला नेऊन आण. पण जाऊन-येऊन नको. रात्रीचा मुक्काम करायचा. पहाट बघायची तिथली." आणि लुगड्याच्या गाठीतून पाच हजार रुपये काढून माझ्यासमोर ठेवले. दोन बोकडं विकून आलेले होते. मी नको नको म्हणालो, पण ज्यांच्या घरी म्हातारी आई आहे त्यांना सांगायला नको की अशा वेळी पैसे घ्यावेच लागतात.

माघ शुद्ध दशमीला भंडाऱ्याच्या डोंगरावर मोठा सप्ताह असतो, तुकोबांना गुरुपदेश झाला तो दिवस. ती गर्दी आईला झेपायची नाही म्हणून आम्ही त्यानंतरचे दिवस धरले. माझी थोरली मुलगी पुण्यात नोकरीला आहे. ती म्हणाली, "बाबा, धर्मशाळेत आजीला संडासाला त्रास होईल. हल्ली मोबाईलवर घरंच्या घरं भाड्याने मिळतात." आणि तिने एक घर शोधून मला धाडले. जाहिरातीतले शब्द मला आजही पाठ आहेत: 'देहू. इंद्रायणीकाठचे निवांत शेतघर. खिडकीतून नदीचे दर्शन. भोवती भातखाचरे. वृद्धांना सोयीचे. घरगुती जेवण. गरम पाणी चोवीस तास.' खाली सहा फोटो. एकात दगडी घाट आणि नदी. एकात हिरवेगार भाताचे रान, मागे निळसर डोंगर. एकात पांढरी चादर घातलेला पलंग. दोन रात्रींचे सात हजार सहाशे. मी आईला फोटो दाखवला. तिने मोबाईल डोळ्यांपाशी नेला आणि म्हणाली, "भात लई झ्याक आलाय रे."

इथे मला थांबून एक कबुली दिली पाहिजे. मी बी.एस्सी. ॲग्री. मावळातला भात आषाढात लागतो, आश्विनात निसवतो आणि कार्तिकापर्यंत खळ्यात येतो. माघात त्या रानात भाताचे फार तर धसकट असते, नाहीतर हरभरा, मसूर, गहू. फोटोत लोंबीवर आलेला भात होता. म्हणजे तो फोटो आजचा नव्हे, एवढे तरी माझ्या लक्षात यायला हवे होते. आईने तो बघून पीक पाहिले. मी तोच बघून खोली पाहिली.

तर आम्ही निघालो; आई, सौ. आणि मी. कुर्डुवाडीहून पुणे, पुण्याहून लोणावळ्याची लोकल. शिवाजीनगर, खडकी, दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि मग देहूरोड. पाऊण तासाचा रस्ता आणि खिडकीबाहेर शेवटपर्यंत गाव तुटत नाही. खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १८५८ साली सुरू झाला. त्या वेळच्या पाशिंजराला चिंचवड सोडल्यावर माळरानाशिवाय काही दिसले नसेल. आता कारखाना संपला की वसाहत आणि वसाहत संपली की कारखाना.

स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याला मोबाईलवरचा पत्ता दाखवला आणि म्हणालो, "देहूला जायचंय." त्याने पत्ता वाचला, आईकडे पाहिले आणि म्हणाला, "काका, हे देहू नाही. हे इथंच आहे, किवळ्याच्या अंगाला. देहू या बाजूला, हे त्या बाजूला." त्याने एक हात उत्तरेला केला आणि एक दक्षिणेला. मला वाटले त्याची चूक होत असेल. पाच मिनिटांत आम्ही एका इमारतीसमोर उभे होतो.

शेतघर म्हणजे चार मजली इमारतीतला तिसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट. लिफ्टच्या जागी चौकोनी भोक होते आणि त्यावर प्लायवूडची फळी ठोकलेली. किल्ली घेऊन आलेला पोरगा अठरा-एकोणीस वर्षांचा असेल. मी म्हणालो, "अरे, वृद्धांना सोयीचं लिहिलंय ना?" तो म्हणाला, "कठडा आहे ना, काका." आई कठडा धरून चढली. प्रत्येक वळणावर पायरीवर बसली, उठली, पुन्हा चढली. पायऱ्या बावन्न होत्या. मला दुसरे काही करता येण्यासारखे नव्हते म्हणून मी त्या मोजल्या.

वर गेल्यावर मी खिडकी उघडली. खाली रस्ता, पलीकडे एक पत्र्याचे गोदाम, त्यापलीकडे महामार्ग. चाकणकडे आणि मुंबईकडे जाणाऱ्या गाड्यांची माळ तुटत नव्हती. मी पोराला विचारले, "नदी कुठे आहे?" त्याने लांब बोट केले, "ती झाडं दिसतात ना, त्याच्या खाली." मी म्हणालो, "ती इंद्रायणी?" तो बिचारा प्रामाणिक निघाला. म्हणाला, "नाही, ती पवना."

वाचकहो, भूगोल एवढाच आहे. देहूरोडच्या उत्तरेला इंद्रायणी आणि दक्षिणेला पवना. जाहिरात देणाऱ्याने गाव एकीकडचे घेतले, नदी दुसरीकडची दाखवली आणि घर मधले दिले. न्हाणीघरातला गिझर बंद होता. घरगुती जेवण म्हणजे भिंतीवर चिकटवलेला एका खाणावळीचा फोन नंबर. पलंग मात्र फोटोतलाच होता आणि चादरही पांढरी होती, हे सांगितलेच पाहिजे.

संध्याकाळी आईने विचारले, "देहू कुठल्या अंगाला रे?" मी उत्तरेकडे हात केला. त्या बाजूला भिंत होती आणि भिंतीला फ्रीज टेकवलेला होता. आईने फ्रीजकडे तोंड करून हात जोडले. सौ. आत निघून गेली. मी मोबाईल काढून घरमालकाला फोन लावला आणि जे बोललो ते छापण्यासारखे नाही.

रात्री आठच्या सुमारास मालक स्वतः आला. मी भांडायच्या तयारीत होतो. पस्तिशीचा माणूस, आल्या आल्या आईच्या पाया पडला. "आजी, जिने चढावे लागले ना," म्हणाला. मी त्याच्यापुढे फोटो धरला. "हे कुठलं आहे?" तो म्हणाला, "आमचं रान आहे साहेब. खोटा नाही फोटो. इंद्रायणीच्या काठचं. २०१२ साली विकलं. आता तिथं प्लॉट पडलेत." मग म्हणाला, "हा वडिलांनी केलेला शेवटचा भात. इंद्रायणीच होता, बियाणं वडगावहून आणायचे ते."

आता मी पुन्हा फोटोकडे पाहिले. इंद्रायणी हा वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने काढला, १९८७ साली प्रसारित झाला. आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून आलेला. आंबेमोहोराचा वास आणि आयआर आठची उतारी. नदीचे नाव मिळालेला भात. मावळात त्याच्याआधी आंबेमोहोर होता, तो उंच वाढून लोळायचा. मी विचारले, "चारसूत्री करायचे का तुमचे वडील?" तो म्हणाला, "दोन वर्षं केली होती. गोळ्या खोचायला आम्ही पोरं असायचो." पाऊण तास आम्ही भाताबद्दल बोललो. सौ. ने आतून दोनदा खाकरून आठवण करून दिली की तुम्ही भांडायला बसला आहात.

मी म्हणालो, "अहो, मग तुम्ही असं का लिहिता? तुम्ही शेतकऱ्याचे मूल आहात." तो म्हणाला, "साहेब, देहूरोड लिहिलं तर कोणी बघत नाही. देहू लिहिलं की फोन येतो. सगळेच लिहितात. रान गेलं, त्यातून दोन फ्लॅट आले. त्यातला एक हप्त्यात आहे." पैसे परत मागितले तेव्हा म्हणाला, "ते अ‍ॅपवाल्यांकडे असतात, माझ्या हातात नाहीत." हे पूर्ण खरे होते की अर्धे, ते मला नंतर कळले. पण त्या माणसाचा मला राग धरवेना आणि राग सोडवेना अशी माझी अवस्था झाली. उठताना तो आईला म्हणाला, "आजी, पहाटे मी गाडी घेऊन येतो, घाटावर सोडतो." आई म्हणाली, "नको बाबा. आम्ही आमचं जाऊ." आईला मी कुणाला नको म्हणताना फारसे ऐकलेले नाही.

त्या रात्री झोप कोणालाच लागली नाही. गाड्यांची शिट्टी, ट्रकांचे हॉर्न, आणि माझ्या डोक्यात एकच विचार. मी तीस वर्षे शेतकऱ्यांना काय सांगत आलो? बियाण्याच्या पिशवीवरचे चित्र बघू नका. पिशवीवरचे कणीस कोपरापर्यंत लांब असते आणि टोमॅटो मुलाच्या डोक्याएवढा. चित्र सोडा, टॅग बघा. पैदासकाराच्या बियाण्याला पिवळा टॅग, पायाभूतला पांढरा, प्रमाणितला निळा. त्यावर गट क्रमांक, उगवणशक्ती, तपासणीची तारीख. टॅग पाहून भागत नसेल तर घरी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा आणि किती मोड आले ते मोजा. सोयाबीनचे सत्तर आले तरच पेरा. आणि पेरल्यावर पिशवी, टॅग, पावती आणि थोडे बियाणे पीक हाती येईपर्यंत जपून ठेवा. नाही उगवले तर तक्रार करायला पुरावा तोच. हे मी किती ग्रामसभांत बोललो असेन! आणि स्वतः मात्र चित्रावर पेरणी केली.

अशा घराचा टॅग कुठे असतो, हे मला मुलीने नंतर दाखवले. तुमच्या मुलांनीही हल्ली अशी घरे धरलेली असतील, लग्नाला, सहलीला, परीक्षेच्या गावी. म्हणून सांगतो. जाहिरातीत नकाशा असतो, त्यावर एक गोल दाखवलेला असतो. नावापेक्षा तो गोल बघावा. आमच्या जाहिरातीतला गोल किवळ्यावरच होता, कोणी उघडून पाहिलाच नाही. आधी राहून गेलेल्यांचे अभिप्राय असतात, त्यातले गोड सोडून द्यावेत आणि कडू आधी वाचावेत. आमच्या घराला तेवीस अभिप्राय होते, वीस जणांनी 'छान' एवढेच लिहिले होते आणि एकाने लिहिले होते, 'नदी नाही, लिफ्ट नाही.' चार शब्द. तेवढे वाचले असते तर बावन्न पायऱ्या वाचल्या असत्या. पैसे भरण्याआधी मालकाला व्हिडिओ कॉल करायला सांगावे आणि म्हणावे, खिडकी उघडा, जिना दाखवा. जो दाखवायला कां-कू करतो तिथे पुढे जाऊ नये. आणि जाहिरातीचा, पावतीचा फोटो त्याच दिवशी मोबाईलमध्ये काढून ठेवावा, कारण जाहिरात रातोरात बदलते, पिशवी तशी बदलत नाही. अर्थात आमचे निदान घर तरी होते. लोणावळा, अलिबागकडे तर अस्तित्वातच नसलेल्या बंगल्यांचे पैसे घेऊन पसार झालेले भामटे निघाले आहेत. तसे झाले तर वेळ न घालवता १९३० या नंबरवर फोन करावा. जितका लवकर कराल तितकी पैसे अडवले जाण्याची आशा जास्त.

पहाटे साडेचारला आम्ही निघालो. आई जिना उतरली ती पायरीपायरीवर बसत. खाली कालचाच रिक्षावाला उभा होता, मी रात्रीच सांगून ठेवले होते. रस्ता चिंचोलीवरून जातो. पालखीही याच रस्त्याने येते, पण उलट्या दिशेने; देहूतून निघाली की अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी थांबून आरती होते, मग चिंचोली, देहूरोड, निगडी आणि आकुर्डीला मुक्काम. १६८५ साली तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी हा पालखीचा सोहळा सुरू केला. वडिलांच्या तोंडून ही नावे आईने इतकी ऐकली होती की रिक्षात तीच मला सांगत होती, "आता दर्गा येईल बघ." आणि आला.

घाटावर पोचलो तेव्हा अंधार होता. देवळात काकडा चालू होता. धुके होते, वडील सांगत तसेच. उजाडल्यावर मात्र नदी दिसली आणि माझ्या पोटात कालवले. काठाला जलपर्णी साचलेली, पाण्याला वास. वर कारखाने आणि वस्त्या, त्यांचे सगळे सांडपाणी हिच्याच पोटात. ज्या डोहात गाथा बुडवली आणि तेरा दिवसांनी ती तरली असे आपण ऐकत आलो, त्या पाण्यात पाय घालावा की नाही असा प्रश्न मला पडला. आई खालच्या पायरीवर बसली. ओंजळभर पाणी घेतले, डोक्याला लावले, थोडा वेळ तशीच बसली. मी म्हणालो, "आई, पाणी चांगलं नाही, तोंडात घेऊ नको." ती म्हणाली, "माहीत आहे. दिसतंय की मला." मग म्हणाली, "ते सांगायचे तशी पायरी आहे मात्र. तीच असंल."

दशमी होऊन गेल्याने गर्दी ओसरली होती. गावात एका गल्लीत वारकऱ्यांना उतरायच्या खोल्या आहेत असे कळले. तिथल्या बाईंना विचारले तर त्या पदर खोचत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "खोली आहे. पण आधी बघून घ्या. संडास खोलीत नाही, अंगणात आहे, दहा पावलं चालावं लागतं. पाणी सकाळी चूल पेटली की तापतं, चोवीस तास नाही. गादी पातळ आहे. चारशे रुपये. बघा, पटलं तर पैसे द्या." मी खोली पाहिली. त्यांनी सांगितल्याहून एक गोष्ट जास्त होती, दाराशी तुळस. आईचा मुक्काम तिथे झाला. दुसऱ्या पहाटे ती सौ.ला घेऊन पुन्हा घाटावर गेली, मला उठवलेही नाही. पाच हजारांतले शिल्लक पैसे तिने देवळात काही टाकले, काही त्या बाईंच्या नातवाच्या हातावर ठेवले.

देहूरोडवर माझा राग नाही, हे मला मुद्दाम लिहायचे आहे, कारण आम्ही परतीच्या लोकलची वाट बघत तिथे अर्धा दिवस काढला आणि तो दिवस चांगला गेला. देहूरोड हे देहूचे शेपूट नव्हे, त्याचे स्वतःचे अस्तित्व आहे. १९५८ पासून तिथे छावणी मंडळ आहे, सैन्याची कोठारे आहेत, आयुध निर्माणी आहे. दारूगोळ्याच्या कोठारापासून दोन हजार यार्डांच्या आत बांधकामाला बंदी. त्याला तिथले लोक 'रेड झोन' म्हणतात आणि शेजारच्या गावांतल्या कितीतरी घरांचे कागद त्या दोन शब्दांपायी अडकून पडले आहेत. बाजारात देशाच्या सगळ्या कोपऱ्यांतली माणसे दिसतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग जवळच किवळ्याला सुरू होतो. तळेगावच्या बाजूला महामार्गालगत घोरावडेश्वराचा डोंगर आहे; त्यात कोरलेली प्राचीन बौद्ध लेणी, एका लेण्यात महादेव आणि तुकोबा जिथे एकांताला जात त्या तीन डोंगरांपैकी तो एक, भंडारा आणि भामचंद्र हे दुसरे दोन. आणि गावात तो बुद्धविहार आहे, जिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी आपल्या हाताने बुद्धमूर्तीची स्थापना केली. मूर्ती रंगूनहून आलेली. नागपूरचा धर्मांतराचा सोहळा त्यानंतर पावणेदोन वर्षांनी झाला. आईला विहार रस्त्याला लागूनच मिळाला, पायऱ्या चढाव्या लागल्या नाहीत. ती तिथे बराच वेळ शांत बसली आणि निघताना म्हणाली, "इथं आवाज कमी आहे."

असे गाव असताना त्याला आपल्या नावाने घर भाड्याने देता येऊ नये, देहूचे नाव उसने घ्यावे लागावे, याचे मला वाईट वाटते. 'देहूरोड, स्टेशनपासून पाच मिनिटे, तिसरा मजला, लिफ्ट नाही, घाटावर जायला रिक्षा मिळते' असे लिहिले असते तर? जवान पोराला भेटायला येणारे आईबाप, कारखान्यात मुलाखतीला येणारी मुले, लोकलने पहाटे देहूला जाऊ इच्छिणारी धडधाकट माणसे आली असतीच. भाडे थोडे कमी मिळाले असते इतकेच.

आता पैशांचे सांगतो. घरी आल्यावर मुलीने अ‍ॅपच्या कंपनीला फोटो धाडले: लिफ्टचे भोक, खिडकीतला देखावा, बंद गिझर. चार दिवस उत्तर नाही, मग एक गोड उत्तर, की आपली गैरसोय झाल्याबद्दल खेद आहे. मग मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. तीन आठवड्यांनी एका रात्रीचे भाडे परत आले, तीन हजार आठशे. दुसऱ्या रात्रीसाठी म्हणाले, तुम्ही न सांगता निघून गेलात. मी ते तिथेच सोडले. सोडायला नको होते, असे आमच्या तालुक्यातल्या एका वकिलांचे म्हणणे पडले. ग्राहक संरक्षणाचा नवा कायदा २०१९ चा, २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात खेड्यातल्या माणसाच्या फार उपयोगाची एक तरतूद आहे. पूर्वी सामान्यतः समोरच्या माणसाचे गाव कुठे, धंदा कुठे, यावर तक्रारीचे ठिकाण ठरे. आता तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे फसवणूक देहूरोडला झाली तरी मी सोलापुरात दाद मागू शकतो. दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, आणि वकील दिलाच पाहिजे असेही नाही. सरकी उगवली नाही म्हणून जो शेतकरी आयोगाकडे जातो, त्याच दारातून हेही जाते.

ही हकिगत मी कोणाला सांगणार नव्हतो. साठीकडे चाललेल्या कृषी अधिकाऱ्याने फसल्याची गोष्ट कशाला गावभर करावी? पण चैत्रात एक शेतकरी माझ्याकडे आला. चांगला कष्टाळू माणूस, साडेतीन एकर बागायत, उरलेले कोरडवाहू. त्याला कृषी पर्यटन सुरू करायचे होते. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० साली आले, तेव्हापासून असे पुष्कळ जण येतात; पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी कशी करायची, खोल्या किती चालतात, वगैरे विचारतात. त्याचे कागद बघून झाल्यावर त्याने मोबाईल पुढे केला. "जाहिरातीचे फोटो काढलेत साहेब, बघा की जरा."

पहिला फोटो शेततळ्याचा होता. काठोकाठ भरलेले, त्यात आभाळ उतरलेले, कडेला बदकं. मी विचारले, "हा कधीचा?" तो म्हणाला, "भादव्यातला." मी विचारले, "आणि आज तळ्यात काय आहे?" तो हसला. "आज कागद दिसतोय, साहेब." बदकं कुणाची, असे विचारल्यावर म्हणाला, "मेव्हण्याची. फोटोपुरती आणली होती."

मी त्याला आईची सगळी गोष्ट सांगितली. बावन्न पायऱ्या, फ्रीज, सगळे. त्याने ऐकून घेतले. मग म्हणाला, "साहेब, पण रिकामं तळं टाकलं तर येणार कोण? तुम्ही तरी आला असता का?" प्रश्न खरा होता आणि मला तेव्हा उत्तर सुचले नाही. मी म्हणालो, "भरलेलंही टाक आणि रिकामंही टाक. खाली महिना लिही. आणि तुझ्याकडे माघात काय असतं ते सांग." तो म्हणाला, "माघात काय, मालदांडी. हुरडा असतो." मी म्हणालो, "मग त्याचा फोटो कुठे आहे?" त्याने तो काढलाच नव्हता. त्याला ते दाखवण्यासारखे वाटले नव्हते.

गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. दोन्ही तळी टाकली आहेत, महिने लिहून. बदकं परत दिली. पुण्याहून एका कुटुंबाने विचारणा केली होती. त्या बाईंनी पहिल्यांदा विचारले, "आमच्या सासूबाई आहेत, पंचाहत्तरच्या. खोलीला पायऱ्या किती?"

"मी सांगितलं, तीन," तो म्हणाला. "मग फोन ठेवला आणि जाऊन पुन्हा मोजल्या साहेब. चार निघाल्या. परत फोन करून सांगितलं."